प्रश्न वाचकांचे : दत्तक घेतलेला मोठा कुत्रा आणि घरातली लघवी

वावरातला, रस्त्यावरचा किंवा दुसऱ्याच्या घरचा मोठा कुत्रा सांभाळायला घेतलेल्या वाचकांची पत्रं विदर्भाच्या गावागावांतून येत आहेत. कुत्रा चांगला आहे, लळा लागला आहे, पण घर घाण करतो, अशी त्यांतली बहुतेकांची तक्रार. यातली काही पत्रं आणि उत्तरं या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या वावरात जागलीला असणाऱ्या सालदाराने काम सोडलं आणि त्याचा कुत्रा मागे राहिला. सहा-सात वर्षांचा असेल. आम्ही त्याला गावातल्या घरी आणलं. स्वभावाने एकदम गरीब आहे. पण अंगणात अर्धा-अर्धा तास धरून उभं राहिलं तरी काही करत नाही आणि आत आला की पाच मिनिटांत छपरीत नाहीतर स्वयंपाकघराच्या दाराशी लघवी करतो. आता या वयात तो शिकणार नाही, असं घरचे म्हणतात. खरं आहे का?
— एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : खरं नाही. उलट मोठा कुत्रा पिल्लापेक्षा लवकर शिकतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं, कारण त्याला लघवी धरून ठेवताच येत नाही. निरोगी मोठा कुत्रा सहा ते आठ तास आरामात थांबू शकतो. अडचण एवढीच, की त्याला आधीच एक सवय आहे आणि ती तुमच्या घराच्या रचनेत बसत नाही.

त्याची सवय काय होती ते बघा. वावरात तो मोकळा होता. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत जायचा, वास घ्यायचा, पऱ्हाटीच्या आडोशाला किंवा बोरीच्या झुडपाशी स्वतः निवडलेल्या जागी मोकळा व्हायचा, आणि तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नसायचं. आता पायाखाली सारवलेलं अंगण किंवा सिमेंट, गळ्यात दोर आणि समोर त्याच्याकडे टक लावून उभा असलेला माणूस. बऱ्याच कुत्र्यांना असं कुणाच्या नजरेसमोर मोकळं होता येत नाही. विशेषतः आधी कधी मार खाल्लेला असेल, तर माणसासमोर लघवी केली की मार बसतो एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं असतं. मग तो धरून ठेवतो आणि आत आल्यावर नजर चुकवून करतो.

म्हणून आधी जागा बदला. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, कुंपणाच्या कडेला साधारण पाच बाय पाच फुटांचा कोपरा ठरवा. विहीर आणि पाण्याच्या टाकीपासून तो लांब हवा. तो ज्या धुऱ्यावर जायचा तिथली दोन घमेली माती आणून तिथे पसरा, वर थोडं कुटार (भुसा) टाका. घरात त्याने लघवी केली असेल तर ती ज्या फडक्याने टिपली ते फडकं त्या मातीवर ठेवा. वास ओळखीचा आणि पायाखाली माती ओळखीची, निम्मं काम इथेच होतं.

त्याला नेताना साखळी वापरू नका. दहा-बारा फुटांचा हलका दोर घ्या आणि ढिला सोडा. एका जागी उभं राहू नका, त्याला हळूहळू इकडून तिकडे चालवा. चालल्याने पोट हलतं, वास घेता येतो. तुम्ही पाठ किंवा बाजू करून राहा. दहा मिनिटं पुरे. केलं नाही तर आत आणा, पण मोकळं सोडू नका. खरी चूक नेमकी इथेच होते. अर्धा तास बाहेर थांबून रिकाम्या हाताने परत आलेल्या माणसाने कुत्रा आत सोडला, की कुत्रा आतच लघवी करणार, आणि रोज तेच झालं की घराची जागा हीच त्याची जागा ठरते. आत आल्यावर चार-पाच फुटांच्या दोराने त्याला तुमच्या जवळ बांधा. बाजेच्या पायाला चालेल, पण तुमची नजर त्याच्यावर हवी. पंधरा मिनिटांनी परत बाहेर. गरज पडली तर हेच तीन-चार वेळा. लघवी केली की बक्षीस म्हणून घरात थोडा वेळ मोकळं सोडा, अर्धा-पाऊण तास, जास्त नाही.

खाऊ कधी द्यायचा यालाही महत्त्व आहे. लघवी चालू असताना बोलू नका, खाऊ दाखवू नका. तो मध्येच थांबतो आणि उरलेली घरात करतो. पाय खाली टेकले, धार संपली, की दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा तिथेच तोंडात द्या. घरात येऊन दिला तर तो घरात येण्याचा खाऊ होतो. म्हणून तुकडे आधीच खिशात ठेवा. भुकेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडाही चालतो. नेताना घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा, ‘शू’ म्हणा नाहीतर ‘चल करून ये’ म्हणा, पण रोज तोच.

वेळा अशा ठेवा : पहाटे उठल्या उठल्या, सकाळच्या जेवणानंतर वीस मिनिटांनी, दुपारी झोपून उठला की, संध्याकाळच्या जेवणानंतर, आणि रात्री तुम्ही झोपायच्या आधी. जेवण पोटात गेलं की आतड्यांना चालना मिळते, म्हणून जेवणानंतरची खेप कधीच चुकवू नका. रात्री वीज येते म्हणून ओलीत करायला उठता, त्या वेळी तो जागा असेल तर त्यालाही नेऊन आणा. पण जेवणाच्या वेळा ठरलेल्या हव्यात. दिवसभर उष्टं टाकत राहिलं तर शी कधी होईल याचा अंदाजच येत नाही. दोन वेळा वाढा, वीस मिनिटांत ताटली उचला. पाणी मात्र कायम समोर असू द्या.

दूध-भाकर देत असाल तर दूध बंद करून बघा. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, शी पातळ होते आणि पातळ शी कुठलाच कुत्रा धरू शकत नाही. अन्न बदलायचं तर एकदम बदलू नका, आठवडाभरात हळूहळू बदला.

घरात करताना सापडला तर हलकी टाळी वाजवून ‘चल’ म्हणा आणि बाहेर न्या. नंतर डबकं दिसलं तर गप्प पुसून टाका. नाक घासणं, काठी दाखवणं यातून तो एकच गोष्ट शिकतो, की कणगीच्या मागे कर, म्हणजे सापडणार नाही. ‘चूक केली की मान खाली घालतो, म्हणजे त्याला कळतं’ असं लोक म्हणतात. तो तुमचा आवाज आणि चेहरा बघून घाबरलेला असतो. तासाभरापूर्वीच्या लघवीशी त्याने त्याचा संबंध जोडलेला नसतो.

बहुतेक मोठे कुत्रे दोन ते चार आठवड्यांत वळणाला लागतात. सलग चार आठवडे घरात काही झालं नाही, की मग एकेक खोली मोकळी करा. पहिल्या आठवड्यातच करायची आणखी दोन कामं : रेबीजची लस आणि जंताचं औषध. जंताच्या गोळ्या वजनावर असतात, बहुतेक दहा किलोला एक, पण गोळी बघून पशुवैद्यकाला विचारूनच द्या. पोटात जंत असताना शीचं वळण लागणं अवघड आहे.

प्रश्न : घरात पुढे शाहबादी फरशी आणि मागच्या खोलीत मातीची जमीन आहे. रोज फिनाईलने पुसते, तरी कुत्री त्याच दोन जागांवर परत परत करते. वास आम्हाला तर अजिबात येत नाही.
— गृहिणी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, वास तुम्हाला येत नाही, तिला येतो. कुत्र्याच्या नाकापुढे आपलं नाक काहीच नाही. फिनाईलचा उग्र वास लघवीच्या वासावर झाकण घालतो, लघवी काढत नाही. लघवीतले यूरिक आम्लाचे खडे पाण्याने विरघळत नाहीत. ते फरशीच्या बारीक छिद्रांत बसतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतात. पावसाळ्यात तक्रार वाढते ती यामुळेच. शिवाय ओल्या फिनाईलवरून चालून कुत्री पाय चाटते, ते तिच्या पोटाला वाईट. अमोनियाचा वास येणारं कुठलंही क्लीनर तर वापरूच नका, तो वास लघवीशी मिळताजुळता असतो.

फरशीसाठी असं करा. आधी जुन्या धोतराच्या घड्या दाबून लघवी टिपून घ्या, घासू नका, घासलं की पसरते. मग साध्या पाण्याने पुसा. नंतर एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम घाला. पाणी कोमटच हवं, उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होतात. हे पाणी डागावर आणि डागाच्या भोवती वीतभर पसरून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा आणि वाळू द्या. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठीचं एन्झाइम क्लीनर ऑनलाइन मिळतं, ते अधिक चांगलं, पण पावडरनेही काम भागतं.

शाहबादीवर व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड टाकू नका. तो चुनखडीचा दगड आहे, आम्लाने झिजतो, खरबरीत होतो आणि पुढची लघवी आणखी शोषतो. फरशीचे सांधे उकलले असतील तर लघवी खाली झिरपते आणि वरून कितीही पुसलं तरी उपयोग होत नाही. सांधे खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून पांढऱ्या सिमेंटने भरून घ्या.

मातीच्या जमिनीचं काम वेगळं. तिथे वरून सारवलं तर लघवी खालीच राहते. डागाच्या भोवती वीतभर जास्त जागा धरून दोन-तीन इंच खोल माती कुदळीने काढा. ती माती सांदवाडीतल्या तिच्या कोपऱ्यात टाका, तिथे ती कामाची आहे. खड्डा दोन दिवस उघडा ठेवा, ऊन येत असेल तर उत्तम. मग नवी पांढरी माती भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्या आणि वाळल्यावर सारवा. घरात गोमूत्र शिंपडायची पद्धत असेल तर त्या दोन जागा महिनाभर सोडून शिंपडा. तीही लघवीच आहे आणि कुत्र्याचं नाक त्यावर जातं. शेळीची करडं रात्री आत बांधत असाल तर त्या खोलीत कुत्रीला सोडू नका.

जागा साफ झाल्यावर तिची अन्नाची ताटली आठवडाभर तिथेच ठेवा. जिथे जेवतो तिथे कुत्रा सहसा घाण करत नाही.

प्रश्न : भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवला आहे. नवीन आणलेला कुत्रा, पाचेक वर्षांचा, गंजीवर चढून झोपतो आणि तिथेच लघवी करतो. सोयाबीनच्या कट्ट्यांवर पाय वर करून थोडी थोडी करतो ते वेगळंच. मोठं नुकसान होतंय.
— शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

कापसावर तो पूर्ण लघवी करतो. कापूस मऊ आहे, लगेच शोषतो आणि पायावर शिंतोडे उडत नाहीत. असा पृष्ठभाग बहुतेक कुत्र्यांना आवडतो. गाद्या, गोधड्या, पायपुसणी यांच्यावर करणाऱ्या कुत्र्यांचंही कारण हेच. तिथे शिकवत बसू नका, वाटच बंद करा. दाराला किंवा गंजीपुढे चार फूट उंचीची बांबूची ताटी घट्ट बांधा आणि खाली फट ठेवू नका. भिजलेला कापूस त्याच दिवशी वेगळा काढा. तो पिवळा पडतो आणि चांगल्या मालात मिसळला तर सगळ्याची प्रत उतरते. ओलावा वाढतो तो निराळाच. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्याचा निकष असतो, ओलावा त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत असेल तर भाव कापला जातो. कापसाची ऊब आणि मऊपणा त्याला झोपायला हवा असतो, म्हणून जाड गोणपाटाची घडी त्याच्या जागी द्या. चिंधी किंवा कापसाची गादी सध्या देऊ नका.

कट्ट्यांवर तो करतो ती खूण आहे. पाय वर, उभ्या वस्तूवर, चमचाभर, दिवसात अनेकदा. बाहेरून आलेल्या कट्ट्यांना, ट्रॅक्टरच्या चाकांना, पाहुण्यांच्या बॅगांना दुसऱ्या जनावरांचा वास असतो, त्यावर तो आपला वास लावतो. नवीन घरात आलेला नर पहिले काही आठवडे हे जास्त करतो. कट्टे भिंतीपासून सोडून लाकडी फळ्यांवर ठेवा आणि खालच्या थराला जाड प्लास्टिक गुंडाळा, रोज पुसता येईल. उंदरांसाठी आणि ओलीसाठीही ते बरं. घरात तो नजरेसमोर नसेल तेव्हा बांधलेला असू द्या.

नसबंदीने खुणा करणं बऱ्याच नरांमध्ये कमी होतं, पण सगळ्यांमध्ये थांबत नाही आणि पाच वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. तरी करून घ्यावी असं आमचं मत आहे. मोठ्या वयाच्या नराला प्रोस्टेट वाढण्याचा त्रास होतो, तो टळतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शस्त्रक्रिया होते का ते विचारा. नसेल तर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, दोन्हींकडे रुग्णालय आहे. तोवर घरात असताना कमरेभोवती जुन्या सुती कापडाचा पाच इंच रुंद पट्टा, आत घडी घालून, बांधता येतो. दर दोन-तीन तासांनी सोडा, ओला पट्टा राहिला तर कातडी सोलवटते.

प्रश्न : नागपूरच्या नातेवाइकांची नऊ वर्षांची कुत्री वर्षभरापासून आमच्याकडे आहे. एक दिवस घर घाण केलं नाही. आता पंधरा दिवसांपासून झोपेतून उठली की अंथरूण ओलं असतं, दिवसाही दोनदा घरात झाली. सासूबाई म्हणतात, लाडाने बिघडली, मुद्दाम करते. बांधून ठेवावं का?
— ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : बांधू नका, दवाखान्यात न्या. वर्षभर स्वच्छ राहिलेली कुत्री अचानक घरात करू लागली तर ती आजारी आहे असंच आधी धरायचं. मुद्दाम करणं कुत्र्यांत नसतं, हे सासूबाईंना आमच्याकडून आदराने सांगा.

नेण्याआधी दोन गोष्टी घरी करता येतात. पहिली, पाणी मोजा. सकाळी मोजून दोन लिटर पाणी भांड्यात भरा, दुसरं कुठलं पाणी तिला मिळू देऊ नका आणि चोवीस तासांनी उरलेलं मोजा. निरोगी कुत्री किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पिते, उन्हाळ्यात थोडं जास्त. १५ किलोच्या कुत्रीने दीड लिटरच्या वर, म्हणजे किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी प्यायलं, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढण्याचा) किंवा गर्भाशयातला पू यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता आहे. अशा कुत्रीचं पाणी कधीही तोडू नका. लघवी जास्त होते म्हणून ती जास्त पिते, पाणी तोडलं तर शरीर कोरडं पडून जीवावर बेतेल.

दुसरी, लघवीचा नमुना. पहाटेची पहिली लघवी घ्या. उकळून वाळवलेला लांब दांड्याचा डाव किंवा उथळ ताटली मागून हळूच खाली सरकवा, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, स्वच्छ बाटलीत ओता आणि दोन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या खणात नको.

डॉक्टरांना हे सगळं सांगा : झोपेत गळते की जागी असताना करते, एका वेळी किती, कुंथते का, लघवीत रक्त दिसतं का, खाणं कमी झालं का, आणि कोणती औषधं चालू आहेत. खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेरॉइड एकदम तोडणं धोक्याचं असतं.

नसबंदी झालेल्या वयस्क कुत्रीत मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडून झोपेत लघवी गळते. तिला स्वतःला ते कळतही नाही. यावर गोळ्या आहेत आणि त्या चांगल्या लागू पडतात. थोडी थोडी, वारंवार, कुंथून करत असेल तर संसर्ग किंवा मुतखडा असू शकतो.

नसबंदी झाली नसेल तर एक गोष्ट आजच आठवा : ती माजावर कधी आली होती? माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत भरपूर पाणी पिणं, खाणं सोडणं, सुस्ती, कधी मागून घाण वासाचा स्राव, ही गर्भाशयात पू झाल्याची लक्षणं आहेत. स्राव दिसलाच पाहिजे असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर काहीच बाहेर येत नाही आणि ते जास्त घातक. यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी न्या. गाडीची सोय नसेल तर पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

प्रश्न : आमचं गाव जंगलाला लागून आहे, बिबट्या येतो. रात्री कुत्र्याला बाहेर नेणं धोक्याचं. आणि पाऊस असला की तो दाराबाहेर पायच टाकत नाही. काय करावं?
— ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : रात्री त्याला एकटं सोडू नका आणि बाहेर बांधून तर मुळीच ठेवू नका. बिबट्यासाठी बांधलेला कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे, आणि त्यामागे बिबट्या अंगणापर्यंत येतो. शेवटची खेप दिवेलागणीनंतर लगेच, गावात वर्दळ असतानाच करा. त्यासाठी संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहाला आणा. निरोगी कुत्रा आठपासून पहाटे साडेपाचपर्यंत थांबेल अशी सवय लागते, पण तिला दोन-तीन आठवडे द्या. सध्याची शेवटच्या खेपेची वेळ रोज दहा मिनिटांनी अलीकडे आणत आठवर आणली की सोपं जातं.

रात्रीची नड म्हणून दाराच्या आतल्या बाजूला, छपरीत किंवा न्हाणीजवळ सोय करून ठेवा. विटांची एक ओळ लावून तीन बाय तीन फुटांचा चौकोन करा, खाली जाड प्लास्टिक, वर चार इंच माती आणि धानाचा तूस. तुमच्याकडे तुसाला तोटा नाही. ओला झालेला भाग रोज सकाळी काढा, मूठभर जुना तूस मुद्दाम राहू द्या म्हणजे वासाने जागा कळते. आठवड्याने सगळं बदला. पहिल्यांदा त्याला तिथे दिवसा दोराने न्या, बक्षीस द्या.

पावसाचं कारण बहुतेक वेळा पावसाचा आवाज आणि चिखल असतो. टिनावर पाऊस वाजतो तेव्हा तर बाहेर पडायला तो घाबरतोच. सांदवाडीतल्या त्याच्या कोपऱ्यावर बांबू रोवून ताडपत्री टाका, दारापासून तिथपर्यंत मुरूम किंवा फुटक्या विटांची वाट करा. काळी माती पायाला चिकटून बोटांमध्ये गोळे होतात, त्याने चालायला दुखतं. आत आला की पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांमध्ये कोरडं करा. पावसाळ्यात बाहेर नेताना बॅटरी हवीच, सापासाठी.

उन्हाळ्याचंही इथेच सांगतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर असताना दुपारी सिमेंट आणि डांबरावर पाय भाजतात. हाताचा तळवा पाच सेकंद जमिनीवर टेकवता आला नाही तर कुत्र्यालाही नेऊ नका. दुपारची खेप कडुनिंबाच्या सावलीत, मातीवर.

प्रश्न : दारापुढे लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की कुत्रं तिथे लघवी करत नाही म्हणतात. घरात ठेवल्या तर चालेल का? तिखट टाकलं तर?
— ता. रिसोड, जि. वाशिम

उत्तर : बाटल्यांचा काही उपयोग नाही. कुत्र्याला लाल रंग नीट दिसतही नाही, त्याला निळा आणि पिवळा दिसतो. तिखट टाकू नका. नाकाडोळ्यांची आग होते, कुत्रा जागा बदलतो आणि दुसऱ्या खोलीत करतो.

प्रश्न : मामाजी शेतातून आले आणि ‘काय रे’ म्हणून डोक्यावर हात ठेवायला वाकले, की आमची कुत्री खाली बसून तिथेच लघवी करते. बाकी कधी घरात करत नाही.
— ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : ही भीतीची लघवी आहे, तिच्या हातात नसते. मोठा आवाज, पुरुषाची उंची, वरून येणारा हात यांचा तिच्या मागच्या आयुष्यात काहीतरी वाईट अनुभव असावा. मामाजींनी आल्यावर दहा मिनिटं तिच्याकडे बघूच नये, आपलं हातपाय धुवावेत. मग बाजेवर बाजू करून बसावं आणि भाकरीचा तुकडा जमिनीवर टाकावा. ती स्वतः जवळ आली तर हात डोक्यावरून नको, हनुवटीखालून छातीला लावावा. रागावलं तर हे वाढतं. पहिले काही दिवस भेट अंगणातच होऊ द्या.

प्रश्न : बारा वर्षांचा कुत्रा आणला आहे. सकाळी उठायलाच वेळ लागतो, ओट्याच्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत लघवी होऊन जाते. बाहेर जायची त्याची इच्छा दिसते. घरी सांधेदुखीची माणसांची गोळी आहे, ती देऊ का?
— ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं. कुत्र्यांसाठी वेगळ्या वेदनाशामक गोळ्या आहेत, त्या रक्त तपासून पशुवैद्यक देतात.

त्याला शिकवायचं काही नाही, वाट सोपी करायची आहे. पायऱ्यांवर उतरती फळी टाका. ओटा दीड फूट उंच असेल तर फळी किमान सहा फूट लांब, दीड फूट रुंद, वर गोणपाट खिळ्यांनी घट्ट ठोकलेला आणि दोन्ही बाजूंना दोन इंचांच्या पट्ट्या. खालचं टोक जमिनीत रोवा, फळी एकदा हलली तरी तो पुन्हा पाय ठेवणार नाही. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर त्याच्या झोपायच्या जागेपासून दारापर्यंत गोणपाटाची पट्टी अंथरा. पंजांमधले केस आणि वाढलेली नखं कापा, पाय घसरण्याचं ते मोठं कारण असतं.

त्याची झोपायची जागा दाराजवळ आणा, थंडीत खाली जाड पेंढा आणि वर घोंगडी. उठल्यावर आधी दोन मिनिटं त्याला आतच हळू चालवा, मागच्या मांड्या हाताने चोळा, मग बाहेर न्या. पोटाखालून जुन्या लुगड्याची घडी धरून मागचा भार उचलला तर उतरताना मोठी मदत होते. रात्री एक जास्तीची खेप, साधारण दोन-तीन वाजता, आणि तरी ओलं होत असेल तर घोंगडीखाली प्लास्टिक आणि वर धुता येईल असं जुनं सुती कापड, रोज बदलायचं. ओल्यावर पडून राहिला तर मांड्यांच्या आतली कातडी लाल होते. तिथले केस बारीक कापून, कोमट पाण्याने पुसून, कोरडं करून खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा.